प्रभा वाघमारे आणि आमची विहीर

प्रभा वाघमारे गेल्यावर महूला तिच्या भावाच्या घरी पुण्यानुमोदन झालं. आमच्या गल्लीतून टेम्पो भरून माणसं गेली होती. परत येताना गल्लीतल्या रमेश भियाने गाडीतच जाहीर केलं, की आपल्या विहिरीच्या कठड्यावर प्रभा मॅडमचा फोटो लावायचा आणि खाली संगमरवरावर नाव. सगळे हो हो म्हणाले. मी म्हटलं, "लावा. पण त्याच कठड्यापाशी ती उन्हात उभी होती तेव्हा तिला बसायला तुमच्यातल्या कोणी साधं स्टूल दिलं नव्हतं, तेही खाली लिहा."

मी चौथीपर्यंत शिकले. प्रभाचं काम मला तिने सांगितलं तेवढंच समजलं, आणि तेवढंच इथे लिहिते.

ती जमिनीखालच्या पाण्याचं काम करायची. सरकारी नोकरीत होती, तिथून निवृत्त झाली आणि इंदूरच्या जुनी इंदूर भागात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. वडील फौजेत होते, घर महूचं. भावाचा संसार मोठा, म्हणून ती वेगळी राहिली. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. खोली बघायला आली तेव्हा भिंती बघितल्या नाहीत, संडास बघितला नाही. खिडकीतून खाली विहीर दिसते का, तेवढं बघितलं आणि म्हणाली, "उद्या सामान आणते."

सामान म्हणजे दोन ट्रंका, एक स्टो आणि लोखंडी पट्टीचा एक लांबलचक टेप. तो टेप चाकावर गुंडाळलेला असायचा, त्याच्या टोकाला शिशाचं वजन. टेपच्या खालच्या भागाला ती निळा खडू फासायची आणि विहिरीत सोडायची. वर ओढला की खडू जिथपर्यंत ओला, तिथपर्यंत पाणी. पाण्याला टेकलं की पीं वाजणारं यंत्रही तिच्याकडे होतं, पण ते ती दुसऱ्यांसमोरच काढायची. "साहेब लोकांना आवाज लागतो," म्हणायची. एकटी असली की खडू. त्यामुळे तिची बोटं कायम निळी. माझ्या कपांच्या कानांवर तिची बोटं उमटायची. मी बोलायचे, ती कप घासून द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिच्या आणखी दोन सवयी लोकांना खटकायच्या. एक, ती पोह्यांवर शेव घ्यायची नाही. इंदूरमध्ये हे वेडेपणाचं लक्षण आहे. दुसरी जास्त बोचायची. कोणाच्याही घरी पाण्याचा पेला पुढे आला की ती आधी विचारायची, "कुठलं?" नर्मदेचं, बोरचं, विहिरीचं, की टँकरचं, हे कळल्याशिवाय पेला तोंडाला लावायची नाही. बायकांना राग यायचा. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या आजे-सासवांच्या काळात पाणी देणारा वरून विचारायचा, तू कुठली, आणि मग ओंजळीत ओतायचा. प्रभाची आजी तसं पाणी प्यायलेली होती. आता ही पेला हातात धरून पाण्यालाच विचारायची, तू कुठलं. मला ते आवडायचं. तोंडावर मी कधी बोलले नाही.

माझ्या मुलाला अंगणात बोर घ्यायची होती. त्याने जवळच्या एका गावाहून नारळवाला बोलावला. हा माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. प्रभा जिन्यावर बसून बघत होती. मुलगा जरा ओशाळला. म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगून टाका ना, कुठे खोदू?"

"मला कशाला विचारतोस? त्याला फी दिलीस ना? नारळ उभा राहिला की खोबरं मला दे."

नारळ तुळशीजवळ उभा राहिला. तिथे बोर घेतली आणि पाणी लागलं. भरपूर लागलं. नारळवाल्याला पुन्हा बोलावून मिठाई दिली. मुलगा दोन पायऱ्या चढून प्रभाला म्हणाला, "बघा मॅडम, विज्ञान हरलं."

ती चिडली नाही. मला म्हणाली, "आक्का, या काळ्या दगडात एवढं खोल गेलं तर बहुतेक ठिकाणी काहीतरी लागतं. पाणी लागेल का, हा प्रश्नच नाही. कोणाचं लागेल, हा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "कोणाचं म्हणजे?"

तिने मानेने विहीर दाखवली आणि खोबरं खात बसली.

आमची विहीर जुनी आहे. नर्मदेचं पाणी नळाला येतं, पण एक दिवसाआड, आणि उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही. गल्लीत पुढच्या अंगाला जी पक्की घरं आहेत त्यांच्या बोरी आहेत. मागच्या अंगाला भाडेकरू, शिवणकामवाल्या, ठेलेवाले. त्यांचं धुणं, भांडी, न्हाणं सगळं विहिरीवर. वैशाखात पाणी खाली जातं, पण आटलेली मी कधी बघितली नव्हती.

मग विहिरीच्या मागे, जुन्या गोदामाच्या जागेवर, कोचिंगच्या पोरांसाठी चार मजली हॉस्टेल उभं राहिलं. त्यांनी खूप खोल बोर घेतली. ती एकदा दोन दिवस चालवून बघितली, आणि आमच्या विहिरीत बादली तळाला लागून गाळ वर आला. गल्ली तक्रार घेऊन कलेक्टर कचेरीत गेली. रमेश भिया पुढे. हा रमेश जाधव, त्याचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, आणि तो स्वतः पुढच्या निवडणुकीत उभा राहायचं म्हणत होता. कचेरीतून उत्तर आलं, की जाणकाराकडून तपासणी करून घ्या, बोरमुळे विहीर उतरते का ते ठरवा, तोपर्यंत बोर बंद. जाणकार दोन्ही बाजूंना मान्य हवा.

दोन्ही बाजूंनी प्रभाचंच नाव दिलं. आमच्या लोकांना वाटलं, आपल्या गल्लीत राहते, आपलीच आहे. हॉस्टेलवाल्यांचं कामकाज बघणारे तिवारीजी म्हणून होते, त्यांनी चौकशी केली होती. त्यांना कळलं होतं की या बाईने पूर्वी एका मोठ्या बोरला पास केलं होतं.

त्या बोरची गोष्ट मला आधीपासून माहीत होती. सांवेरकडे एक गाव आहे. नोकरीत असताना तिथल्या एका बड्या फार्मच्या बोरला प्रभाने लिहून दिलं होतं, की गावच्या विहिरीवर परिणाम होणार नाही. बोर थोडाच वेळ चालवून बघितली होती. वर साहेबांची घाई होती, असं ती म्हणायची, पण लगेच पुढे म्हणायची, "सही माझी होती." पुढच्या उन्हाळ्यात गावची विहीर कोरडी पडली. तेव्हापासून ती दरवर्षी वैशाखात त्या गावी जाऊन विहिरीत टेप सोडायची.

एकदा तिचा गुडघा सुजला होता म्हणून मी सोबत गेले. बस सोडून आम्ही गावात शिरलो तर ओसरीवरचा एक म्हातारा ओरडला, "आ गई? देख ले, अब भी नहीं आया पानी." बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. एक तिच्या पायाजवळ पचकन थुंकली. प्रभाने टेप सोडला, वर ओढला. निळा खडू जसाच्या तसा कोरडा. तिने तो म्हाताऱ्याला दाखवला आणि म्हणाली, "नहीं आया, बाबूजी." मग आम्ही परत बसस्टँडवर.

मी तिला म्हटलं, "शिव्या खायला एवढं भाडं खर्च करतेस? तू गेल्याने पाणी येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"नाही गेले तर मला वाटायला लागेल की आलं असेल."

तर हॉस्टेलच्या बोरची तपासणी तिने घेतली ती ही गोष्ट मनात ठेवून. आधी दोन्ही बाजूंना तिने सांगितलं, "मी या गल्लीत राहते. दुसरं कोणी मिळालं तर बरं." दोघेही म्हणाले, नको, तुम्हीच.

काम समजायला सोपं होतं. आदल्या दिवसापासून आसपासच्या सगळ्या मोटारी बंद, विहिरीतून एक बादलीही काढायची नाही, म्हणजे पाणी आपल्या जागी थांबतं. मग हॉस्टेलची बोर दिवसभर सलग चालवायची आणि विहीर उतरते का बघायचं. संध्याकाळी बोर बंद करायची आणि विहीर थांबते का, वर येते का, तेही बघायचं. ती घरोघर फिरून सांगून आली. लोकांनी ऐकलं. टाक्या, पिंप, पातेली भरून ठेवली.

एकच अडचण निघाली. समोरच्या सोहनबाईच्या सुनेचं जलवापूजन नेमकं त्याच दिवशी होतं. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती विहीर पूजायला, हळद-कुंकू वाहते, घुगरी वाटते. माळव्यात याच्याशिवाय बाळंतपण संपत नाही. पंडिताने दिवस काढलेला. प्रभा म्हणाली, "पूजा करा. खुशाल करा. फक्त पाणी काढू नका." सोहनबाई म्हणाली, "एक बूँद नहीं निकालेंगे, मॅडमजी." आणि तिने शब्द पाळला.

सकाळी प्रभाने टेप सोडला तेव्हा पाणी बरंच वर आलेलं होतं. ती म्हणाली, "सगळ्या मोटारी बंद होत्या, म्हणून विहिरीने दम घेतला." बोर सुरू झाली. बायका गाणी म्हणत आल्या, कुंकू वाहिलं, बाळंतिणीने विहिरीत डोकावून नमस्कार केला, घुगरी वाटली. प्रभाला पण द्रोण दिला. ती एका हाताने खात होती, एका हाताने टेप सोडत होती. दुपारपर्यंत विहीर सरळ सरळ उतरत गेली. रमेश भिया कठड्यावर वाकून ओरडला, "देखो भिया, खेच रही है!" तिवारीजींचं तोंड उतरलं. ते फोनवर फोन करत होते.

संध्याकाळी बोर बंद केली. गल्लीने जिंकल्यासारखे पेढे मागवले. प्रभा मात्र जागची हलली नाही. टेप सोडायची, बघायची, पुसायची, पुन्हा खडू लावून सोडायची. मी ओट्यावर होते. तिचा चेहरा मला चांगला ओळखता यायचा. गुडघा दुखतो तसं काहीतरी दिसत होतं.

"काय झालं गं?"

"अजून उतरतंय, आक्का."

"बरं मग? बोरनेच ना?"

"बोर बंद आहे. बोर ओढत होती तर आता थांबायला हवं. हे थांबत नाहीये. जसं सकाळी उतरत होतं तसंच उतरतंय. म्हणजे बोरचा आणि या उतरण्याचा संबंध नाही."

मग तिने दोरीला लोटा बांधून पाणी काढलं. प्यायली नाही. लोटा नाकाजवळ धरला आणि माझ्या हातात दिला. मी वास घेतला. ब्लीचिंगचा वास होता, नळाला येतो तसा. आमच्या विहिरीच्या पाण्याला आयुष्यात कधी तो वास नव्हता.

"हे नर्मदेचं आहे," ती म्हणाली. "विहिरीत टँकर रिकामा केलाय कोणीतरी. सकाळी वर आलेलं पाणी ते. दिवसभर जे उतरलं ते हे ओतलेलं पाणी, आजूबाजूच्या मुरमात जिरत होतं."

हे ती हळू बोलली, पण सोहनबाई घुगरीचं रिकामं पातेलं उचलायला आली होती. ती तिथेच खाली बसली. तिनेच सांगितलं. पहाटे नवऱ्याला सांगून टँकर ओतवला. विहीर पार खाली गेलेली. बाळंतीण सुनेने कोरड्या विहिरीत डोकावलं तर अंगावरचं दूध आटतं. "मॅडमजी, आपने निकालने को मना किया था. डालने को थोड़ी मना किया था."

प्रभाने माझ्या हातातला लोटा घेऊन पालथा केला. मग म्हणाली, "खरं आहे. मी सांगायला हवं होतं." आणि टेप आवरून वर निघून गेली.

सोहनबाईचं बोलणं रात्रीतच गल्लीभर झालं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर सगळे जमले. रमेश भियाने समजूत घालायचा सूर लावला. "मॅडम, गल्लीबाहेर कोणाला माहीत आहे? बघितलं तुम्ही, आक्काने आणि सोहनबाईने. तिघीही आपल्याच. विहीर उतरली, सगळ्यांनी बघितली, तिवारीने पण बघितली. तुम्ही तेवढं लिहून टाका."

"ती टेस्ट रद्द आहे. मी कळवलं."

"कळवलं?"

"सकाळीच. टेस्टमध्ये बाहेरचं पाणी आलं, चूक माझी, पुन्हा करावी लागेल, असं कळवलं."

"कोणी टाकलं ते पण कळवलं?"

"त्याची गरज नव्हती."

मागच्या अंगाची एक शिवणकाम करणारी बाई पुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. "मॅडम, दुसऱ्यांदा काही नाही निघालं तर? बोर चालू होईल. मग मी पोरांना कुठे आंघोळ घालू? तुमच्या खोलीत नळ आहे."

दुसऱ्यांदा काय निघेल हे प्रभालाही माहीत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, की आता ती काहीतरी धीराचं बोलेल. ती म्हणाली, "नाही निघालं तर तसं लिहीन."

तेव्हा रमेश भिया बोलला, "शेवटी बाहेरचीच."

बाहेरची म्हणजे महूची, असं त्याला म्हणायचं नव्हतं. ते तिथल्या सगळ्यांना कळलं. कोणी त्याला गप्प केलं नाही. प्रभा उठली. म्हणाली, "माझ्या आजीला या असल्या विहिरीपासून लांब उभं करायचे, पाणी बाटेल म्हणून. आता तुम्हीच मला विहिरीवर बसवता आणि पाण्याबद्दल खोटं लिही म्हणता. मी काय करू रमेशजी, तुम्हीच सांगा. लांब उभी राहू की बसू?"

त्याच्यानंतर गल्लीत तिच्याशी कोणी बोलेना. दूधवाला तिचं दूध माझ्याकडे देऊन जायचा. पोहेवाल्याने तर न सांगता शेव घालून दिली, मुद्दाम. तिने शेव वेचून बाजूला काढली आणि पोहे खाल्ले. तिवारीजी मात्र येता-जाता नमस्कार घालायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, आप जैसे लोग कम हैं." ती म्हणाली, "अभी रुकिए." त्या नमस्कारांनी तिला शिव्यांपेक्षा जास्त त्रास झाला असावा. रात्री वर चालल्याचा आवाज यायचा.

माझा मुलगा म्हणाला, "आई, हिला खोली सोडायला सांग. लोक आपल्याला पण बोलतात." मी म्हटलं, "भाडं वेळेवर देते. लोकांना सांग, तुम्ही द्या." विषय संपला.

ओतलेलं पाणी जिरून विहीर पुन्हा आपल्या पातळीला यायला वेळ लागला. ऊन वाढत गेलं. गाळ आणि गढूळ पाणी, तेच लोक गाळून वापरत होते. दुसऱ्या टेस्टच्या आधी पुन्हा सगळ्यांनी उपसा बंद ठेवायला हवा होता. प्रभा घरोघर गेली तर दारं उघडली नाहीत. एकाने आतूनच सांगितलं, "हम नहीं करेंगे बंद. कर लो जो करना है."

मग सोहनबाई उठली. तिने गल्लीत कोणाला हात जोडले नाहीत. ती सुनेला, बाळाला आणि दोन नणंदांना घेऊन विहिरीवर येऊन बसली, रहाटाची दोरी काढून मांडीखाली घेतली. म्हणाली, "जिसको पानी निकालना है, पहले मेरे को उठाए. और जिसकी मोटर की आवाज आई, उसके घर आकर बैठूँगी, बच्चे समेत." सोहनबाई अंगाने दांडगी आहे आणि तोंडाने त्याहून. मोटारी बंद झाल्या. आमची सुद्धा.

त्या दिवसाचं ऊन मला अजून आठवतं. प्रभा कठड्याजवळ छत्री लावून उभी होती. बसायला कोणी काही दिलं नाही. दुपारी मी माझं स्टूल नेऊन ठेवलं, तेव्हा कुठे ती टेकली. बोर सकाळपासून धडधडत होती. तिचं पाणी नाल्यात सोडलं होतं, आणि मागच्या अंगाच्या बायका ते वाया जाणारं पाणी बघत उभ्या होत्या.

विहीर हलली नाही. टेप सोडला, ओढला, तिथेच. पुन्हा सोडला, तिथेच. जेवणवेळ झाली, तिथेच. तिवारीजी खुर्ची टाकून उसाचा रस पीत बसले. रमेश भिया एकदा येऊन विहिरीत डोकावला, प्रभाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हातातलं घालवलं." शिवणकामवाली तोंडाला पदर लावून घरात गेली. मला वाटलं, संपलं. प्रभाचे हात मी बघत होते. एकाच जागी ती पुन्हा पुन्हा खडू घासत होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा तिवारीजी उठले. "मॅडम, अब बंद करवाएँ? बिजली फुँक रही है. हो गया ना साबित."

"नहीं."

"मॅडम, नहीं उतर रहा तो नहीं उतर रहा."

"तिवारीजी, एकदा मी अशीच लवकर बंद करून घरी गेले होते. बैठिए."

ते बसले. सोहनबाईचं बाळ रडून झोपलं. पुढे बराच वेळ काहीच नाही. मग प्रभाने टेप ओढला आणि निळ्या खडूवरची ओली रेघ तिने दोनदा बघितली. पुन्हा सोडला. बोटभर उतरलं होतं. पुढच्या वेळी आणखी बोटभर. तिसऱ्या वेळी तिने टेप तिवारीजींच्या समोर धरला, मग ते पीं वाजणारं यंत्रही काढलं, त्यांना स्वतःला सोडायला लावलं. त्यांनी सोडलं. आवाज आला तो आणखी खाली. रमेश भिया धावत आला तर ती म्हणाली, "अजून नाही. बोर बंद करा."

बोर बंद झाली. धडधड थांबली तशी गल्ली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. आता सगळे कठड्याभोवती. थोड्या वेळाने विहीर उतरायची थांबली. मग अगदी सावकाश, बोटाच्या पेराएवढी, वर आली.

"आता," प्रभा म्हणाली, आणि स्टुलावर बसली.

तिवारीजी म्हणाले, "रिजल्ट तो वही निकला ना मॅडम. फिर पहली बार क्या बुरा था?"

"पहली बार झूठ था."

बोर वरच्या मुरमाचं पाणी खाली ओढते, म्हणून तिचा वरचा भाग पाइप घालून बंद करायचा आणि उन्हाळ्यात ती चालवायची नाही, असं तिने लिहून दिलं. तसंच झालं. मागच्या अंगाच्या बायकांनी तिला ओवाळायचं ठरवलं, ती त्या दिवशी सांवेरकडे गेली होती. वैशाख संपत आला होता. त्या गावचं जायचं राहिलं होतं.

पुढे गुडघे फारच दुखायला लागले, जिना चढवेना. ती महूला भावाकडे गेली. खोली रिकामी करताना माझे कप घासून ठेवून गेली. एकावर निळा डाग तसाच आहे.

तिला मी शेवटची बघितली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. रिक्षाने आली, काठी टेकत उतरली. आता सगळे धावले. खुर्ची आली, रमेश भियाने उसाचा रस मागवला, सोहनबाईने विहिरीचं पाणी काढून पेला पुढे केला. प्रभाने पेला आधी नाकाजवळ नेला आणि तिच्याकडे बघितलं. "टँकर?"

"नहीं मॅडमजी, बच्चे की कसम," सोहनबाई म्हणाली, आणि सगळे हसले. प्रभा पाणी प्यायली.

मग तिने खडू लावून टेप सोडला. वर ओढून रेघ बघितली.

"किती आहे मॅडम?" रमेश भियाने विचारलं. "मस्त ना? हॉस्टेलची बोर तर बंदच आहे."

"त्या टेस्टच्या वेळेपेक्षा खाली आहे," ती म्हणाली.

"कैसे? आता कोण ओढतंय?"

मान जरा तिरकी करून ती ऐकत राहिली, म्हणून आम्हीही ऐकायला लागलो. दुपारची वेळ होती. गल्लीत दुसरा आवाज नव्हता. रमेशच्या घरून, समोरून, पलीकडून आणि माझ्या अंगणातल्या तुळशीजवळून, मोटारी चालल्याची घरघर येत होती. आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती.

प्रभाने बोटं पदराला पुसली, टेप गुंडाळला आणि काठी टेकत रिक्षात जाऊन बसली. रिक्षा वळली. मोटारी चालूच होत्या.